"पगडी काढ ना, मग कोणी चिडवणार नाही": शीख मुलं, शाळा आणि तीस वर्षांची लढाई

आजचा भाग एका वाक्याबद्दल आहे. वाक्य साधं आहे, आणि बोलणाऱ्याला वाटतं की आपण भल्याचंच सांगतोय. "अरे, ती पगडी काढून टाक ना, मग कोणी त्रास देणार नाही!" शीख मुलांना शाळेत होणाऱ्या त्रासाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा हे वाक्य मला देशोदेशी भेटलं. शब्द बदलतात, अर्थ तोच. कधी वर्गातलं पोरगं बोलतं, कधी हेडमास्तर, कधी थेट सरकार.

आधी एक छोटी गोष्ट, म्हणजे पुढचं नीट कळेल. शीख परंपरेत केस न कापणं हा आवडीनिवडीचा मामला नाही. १६९९ साली गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथ स्थापन केला, तिथून 'केश' हे पाच ककारांपैकी एक. लहान मुलाच्या केसांचा डोक्यावर अंबाडा बांधतात आणि त्यावर घट्ट कापड बसवतात, त्याला पटका म्हणतात. मोठं झाल्यावर पगडी. आणि वर्गात चाळीस पोरांत हे एकच डोकं वेगळं दिसतं. टपली मारायला, ओढायला, नावं ठेवायला सगळ्यात सोपं.

आता चला बर्मिंगहॅमला. साल १९७८.

पार्क ग्रोव्ह नावाची खासगी शाळा. तीनशेच्या आसपास मुलं. त्यात हिंदू, इराणी, चिनी, सगळे. पाच शीख मुलंसुद्धा होती, पण ती पगडी घालत नव्हती. सेवा सिंग मंडला नावाचे वकील आपल्या मुलाचा प्रवेश घ्यायला आले. मुलगा केस राखणारा, पगडी बांधणारा. हेडमास्तर म्हणाले, केस कापा, पगडी उतरवा, मग प्रवेश. त्यांचं कारण ऐका: शाळेत अनेक वंशांची मुलं आहेत, पगडीमुळे त्यांच्यातले धार्मिक आणि सामाजिक भेद उठून दिसतील, आणि मला ते भेद कमी करायचेत.

म्हणजे बघा, माणूस तोंडाने द्वेषाचं काहीच बोलत नाहीये. तो म्हणतोय, सगळे एकसारखे दिसले की भांडण नको. फक्त एकसारखं दिसण्यासाठी लागणारी सगळी किंमत एकट्या त्या मुलाने मोजायची. गंमत म्हणजे दोनच वर्षांपूर्वी, १९७६ साली, ब्रिटिश संसदेने पगडीधारी शिखांना मोटरसायकलवर हेल्मेटमधून सूट देणारा कायदा केला होता. रस्त्यावर पगडी चालते, वर्गात नाही!

मंडला कोर्टात गेले. अडचण अशी की तेव्हाचा कायदा, १९७६ चा रेस रिलेशन्स ॲक्ट, वंश, रंग, राष्ट्रीयत्व यांवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घालत होता. धर्म त्यात नव्हताच. मग प्रश्न पडला, शीख म्हणजे फक्त धर्म, की 'एथ्निक' गट, म्हणजे आपल्या भाषेत वांशिक समूह? खालच्या कोर्टात हरले. १९८२ मध्ये अपील कोर्टातही हरले. लॉर्ड डेनिंगसारखे नावाजलेले न्यायाधीश शब्दकोश उघडून बसले आणि म्हणाले, शीख हा वांशिक गट नाही. त्यावर हजारो शीख लंडनमध्ये मोर्चाला उतरले.

२४ मार्च १९८३. हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय. निकाल फिरला. लॉर्ड फ्रेझर यांनी मांडलं की ज्या समूहाला स्वतःचा दीर्घ सामायिक इतिहास आहे आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा आहे, तो वांशिक समूह. शीख त्यात बसतात.

पण मला या निकालातला दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फार होत नाही. कायद्यात प्रश्न होता की ती अट मुलगा 'पाळू शकतो' का? आता हाताने पगडी काढणं कोणालाही जमतं, दोन मिनिटांचं काम. न्यायमूर्ती म्हणाले, तसा अर्थ लावायचा नाही. आपल्या समूहाच्या चालीरीती सांभाळून प्रत्यक्षात तो ती अट पाळू शकतो का, ते बघायचं. आणि तसं बघितलं तर उत्तर 'नाही'. "काढ ना, त्यात काय एवढं" या वाक्याला कायद्याने दिलेलं हे उत्तर होतं.

त्या मुलाचं काय झालं? निकाल लागेपर्यंत तो दुसऱ्या शाळेत शिकत होता, पगडी घालून. त्याच्यापुरती गोष्ट आधीच संपली होती, हे निकालातच लिहिलंय. लढाई मागून येणाऱ्यांच्या उपयोगी पडली.

ठीक. शाळेच्या दारातून आत जायचा हक्क मिळाला. पण आत गेल्यावर कॉरिडॉरमध्ये, बसमध्ये, बाथरूममध्ये काय होतं, तिथे कोण बघणार? त्यासाठी आपल्याला न्यूयॉर्कला जावं लागेल.

११ सप्टेंबर २००१. टॉवर पडले, टीव्हीवर दाढी आणि फेटेवाले चेहरे दिसायला लागले. चारच दिवसांत, १५ सप्टेंबरला, ॲरिझोनातल्या मेसा इथे बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळी घालून मारलं. त्याच दिवसांत न्यूयॉर्कमध्ये 'सिख कोअलिशन' ही संस्था उभी राहिली. मोठ्यांवरचे हल्ले बातम्यांत आले. शाळेतली मुलं मात्र रोज 'टेररिस्ट' ही हाक ऐकून गप्प घरी येत होती.

मग २४ मे २००७. क्वीन्समधली एक सरकारी शाळा. पंधरा वर्षांच्या शीख मुलाची आणि वरच्या वयाच्या एका विद्यार्थ्याची आधी बाचाबाची झालेली. त्या विद्यार्थ्याने त्याला बाथरूममध्ये नेलं, कात्रीचा धाक दाखवून पगडी उतरवायला लावली आणि जन्मापासून न कापलेले केस कापून टाकले. नावं मी मुद्दाम सांगत नाहीये, दोघंही शाळकरी होती. २००८ मध्ये हल्लेखोर 'हेट क्राइम'खाली दोषी ठरला.

आता इथे थोडं थांबू या. कात्री चालली तेव्हा पोलीस आले. पण त्याआधीच्या शंभर टपल्या, ओढलेले पटके, बाकावर लिहिलेल्या शिव्या, त्यांची नोंद कुठे होती? कुठेच नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलने २००४ मध्येच शाळांतल्या छळाविरुद्ध कायदा केला होता, तोही महापौरांचा नकाराधिकार ओलांडून. महापौरांनी तो लागूच केला नाही!

शीख पालक, मुलं आणि इतर समाजांच्या संघटना मागे लागल्या, तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये त्याच महापौरांच्या प्रशासनाने नियम आणला. नाव अगदी सरकारी: चान्सलर्स रेग्युलेशन ए-८३२. कंटाळवाणं वाटेल, पण खरं काम इथेच आहे. धर्म, वंश, लिंग अशा कारणांवरून विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला दिलेला त्रास हा 'पोरांची मस्ती' नाही, वेगळा प्रकार आहे. तक्रार कोणाकडे करायची, त्यासाठी प्रत्येक शाळेत एक नेमलेली व्यक्ती हवी. तक्रार आली की लिहून घ्यायची, चौकशी करायची, शहराच्या यंत्रणेत नोंदवायची. आजवर मुलाला विचारत होते, तू का वेगळा दिसतोस. आता मुख्याध्यापकांना विचारता येणार होतं, तुम्ही काय केलंत.

राज्याचा कायदा २०१० मध्ये झाला आणि १ जुलै २०१२ पासून लागू झाला. त्यात धर्माबरोबर 'धार्मिक आचरण' असाही वेगळा शब्द आहे. पगडी बरोबर तिथे बसते.

सगळं सुरळीत झालं का? छे. २०१३ मध्ये संघटनांनी शहरातल्या आशियाई मुलांची विचारपूस करून अहवाल काढला, त्याच्या नावाचाच अर्थ होतो 'एक पाऊल पुढे, अर्धं मागे'. नियम कागदावर, आणि कित्येक मुलांना तो आहे हेच माहीत नाही. २०१४ मध्ये सिख कोअलिशनने चार राज्यांतल्या पाचशेहून जास्त शीख मुलांशी बोलून काढलेल्या अहवालाचं नाव होतं 'गो होम, टेररिस्ट'. निम्म्याहून जास्त मुलांनी त्रास झाल्याचं सांगितलं, पगडीवाल्या मुलांत ६७ टक्क्यांनी. संस्थेची स्वतःची पाहणी आहे हे धरून चाला, तरी दोन आकड्यांतला फरक बोलका आहे. त्यानंतर जोर पाठ्यपुस्तकांवर आला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने इतिहासाच्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात शिखांचा समावेश केला. वर्गातल्या मुलाला पगडी आधी धड्यात दिसावी, एवढाच हिशोब.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. फ्रान्सने मार्च २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना बंदी घातली. त्याच वर्षी बोबिन्यी इथल्या शाळेतून पगडीवाली शीख मुलं काढली गेली. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने एका मुलाच्या बाजूने मत दिलं. कायदा आजही तसाच आहे.

आणि आपण? "बारा वाजले का?" हा विनोद मराठी शाळांतही चालतो, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सकाळीच येतो. ज्या महाराष्ट्रात नांदेड आहे, ज्या नामदेवांची पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, तिथेही! २०१५ मध्ये एका शीख महिला वकिलाने असे विनोद थांबवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचं म्हणणं होतं की अपमानाला कंटाळून आपल्या मुलांना नावापुढे सिंग आणि कौर लावायलाच नको वाटतं. पगडी काढ, च्या जागी नाव काढ. २०१७ मध्ये न्यायालय म्हणालं, नागरिकांनी नैतिकदृष्ट्या कसं वागावं याचे आदेश आम्ही देऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विषय पुन्हा समोर आला, तेव्हा मात्र खंडपीठाने तो महत्त्वाचा असल्याचं म्हटलं.

न्यायालय काहीही ठरवो, आपल्याकडे शाळेत अशी तक्रार आली तर ती कोणत्या वहीत लिहितात? तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात अशी वही असेल, तर मला नक्की कळवा. पुढच्या भागात मला त्याबद्दल बोलायचंय.