दक्षिण कोरिया २०२२ : पाऊण टक्क्याची निवडणूक
९ मार्च २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत युन सक-योल यांना ४८.५६ टक्के, ली जे-म्युंग यांना ४७.८३ टक्के मते मिळाली. फरक जेमतेम अडीच लाखांचा. मतदानोत्तर चाचणीनुसार साठीपुढचे बहुसंख्येने युन यांच्याकडे, चाळिशीतले ली यांच्याकडे. विशीत मात्र फूट होती : मुलगे युन यांच्या बाजूने, मुली ली यांच्या. लिंगसमानता मंत्रालय बंद करण्याची घोषणा युन यांनी केली होती. ‘तरुणांचे मत’ असे सरसकट बोलणाऱ्यांनी हे पाहावे. आर्थिक वादाच्या मुळाशी सोलमधील घरांच्या किमती होत्या. युन यांचा भर करसवलतीवर, तर ली यांचा मूलभूत उत्पन्नावर. तिथल्या जेओन्से पद्धतीत मासिक भाडे नसते, घरमालकाला मोठी ठेव एकरकमी द्यावी लागते. पगारदार तरुणांना ती ठेवच झेपेनाशी झाली.