कोशात कुठलं घराणं बसतं?

पन्हाळ्यावर गेलं की फोटो निघतात ते सज्जाकोठीचे, अंबरखान्याचे आणि तीन दरवाज्याचे. त्याच गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी ते अष्टप्रधानांत होते. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा इकडचा कारभार त्यांच्यावर आला आणि त्यांना 'हुकूमतपन्हा' हा किताब मिळाला. राज्य कसं चालवावं हे सांगणारं 'आज्ञापत्र' त्यांच्याच नावावर आहे. अशा माणसाला ज्ञानकोशात जागा हवी, याबद्दल कुणी वाद घालणार नाही.

वाद पुढच्या प्रश्नाचा आहे. त्यांच्या बावडेकर घराण्याला वेगळी नोंद हवी का?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण तसा नाही. आज एखादं नाव शोधलं की मोबाईलवर आधी कोशातली नोंद येते. जे तिथे असतं तो इतिहास ठरतो. जे नसतं ते घडलंच नाही, असं वाटायला लागतं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे 23 खंड निघाले तेव्हा जागा कागदाची होती, तेव्हा निवड करावीच लागायची. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे. तिथे कागद संपत नाही, तरी निवड चुकत नाही. म्हणून कोशकार एक साधी अट घालतात: घराण्याबाहेरच्या कुणीतरी, विश्वासार्ह ठिकाणी, पुरेसं लिहिलेलं हवं. पणजोबा थोर होते, एवढ्यावर पणतूला नोंद मिळत नाही.

ही अट शहाणपणाची का, ते रशियाकडे बघून कळतं. तिथल्या सरदारांमध्ये दरबारातली जागा आणि सैन्यातलं पद बापजाद्यांच्या हुद्द्यावरून ठरे. त्यावरून इतकी भांडणं होत, की 1682 मध्ये झार फ्योदोरने ही पद्धत मोडली आणि हुद्द्यांच्या वह्या जाळून टाकल्या. तेव्हा इकडे रायगडावर संभाजी महाराज राज्य करत होते. वह्या जळाल्या, पण हौस जळली नाही. लगेच वंशावळी गोळा करायला घेतल्या गेल्या आणि त्यातून मखमली बांधणीचा एक ग्रंथ तयार झाला. 'मखमली ग्रंथ' हेच त्याचं नाव पडलं. त्यात आपलं घराणं असणं ही प्रतिष्ठा झाली. कोश आणि मखमली ग्रंथ यांत फरक हाच: एक काय घडलं ते सांगतो, दुसरा कोण कुणाचा ते सांगतो.

मग बावडेकर कुठे बसतात? माझं मत, कोशात. पण रक्तामुळे नाही. रामचंद्रपंतांचे चुलते आबाजी सोनदेव यांचं नाव कल्याणच्या मोहिमेशी जोडलेलं आहे, वडील निळो सोनदेव कारभारात होते. पुढे गगनबावड्याची जहागीर पिढ्यानपिढ्या याच घराण्याकडे राहिली. 1862 मध्ये इंग्रजांनी कोल्हापूर दरबाराशी करार केला, तेव्हा ज्या बड्या जहागीरदारांवर त्यांनी स्वतःची देखरेख ठेवली त्यांत बावडा होता. हे सगळं कुणा एकाच्या चरित्रात मावत नाही. घराणं इथे नात्यांची यादी न राहता राज्ययंत्रणेचा एक भाग होतं. म्हणून नोंद हवी.

आणि त्या नोंदीत एक अवघड गोष्टही हवी. आज्ञापत्र वतनदारांपासून सावध राहायला सांगतं: हे लोक राज्यात वाटेकरी होऊन बसतात, त्यांना डोईजड होऊ देऊ नये. ज्यांच्या नावावर हा इशारा आहे, त्यांचंच घराणं पुढे वंशपरंपरागत जहागीरदार झालं. ही विसंगती घरातल्या वंशावळीत येणार नाही. ती यायची जागा कोशच.

पण याच अटीची दुसरी बाजू बघा. अमात्यांचं कामच जमाखर्चाचं, म्हणजे कागदाचं. ज्याच्याकडे दप्तर, त्याच्यावर लिहिलं जाणार. पन्हाळ्याची रखवाली करणारे गडकरीही पिढीजातच होते. गड राखायचा आणि त्याबदल्यात जमीन कसायची, हा त्यांचा बापजाद्यांचा हक्क. त्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे गेला, तेव्हा 1844 मध्ये ते उठले. सामानगड, भुदरगड पेटले. कर्नल ओव्हन्सला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवलं. 1 डिसेंबरला इंग्रजांनी पन्हाळा हल्ला करून घेतला. मग तटबंद्या पाडल्या आणि पिढीजात गडकऱ्यांची पद्धतच मोडून टाकली.

या घराण्यांना एकेक नोंद मिळणार नाही, कारण त्यांची नावं घेऊन फारसं कुणी लिहिलं नाही. पण 'गडकरी' या नावाची एक भरीव नोंद नक्की होऊ शकते: जमिनीची पद्धत, गडावरचं काम, बंड आणि शेवट. कोशाची अट त्यासाठी सैल करायची गरज नाही. आधी कुणीतरी कागद वाचून लिहायला हवं.

कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागद आहेत. गावोगावच्या ट्रंकांमध्येही असतात. घराणं मोठं की छोटं हे बाजूला ठेवा, मोडी शिका आणि घरातला एखादा कागद वाचून बघा. तो नीट छापून आला, तर पुढचा कोशकार त्याचा आधार घेऊ शकेल.