नोंद कोणाची, सही कोणाची? सहकारी बँका, सायबर नियम आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

आजचा विषय संगणकाचा असला, तरी सुरुवात आपण भांडुपपासून करू या. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या या उपनगरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचं मुख्यालय होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा होती. तपासात समोर आलं ते असं: एका बांधकाम समूहाची थकलेली कर्जं २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांमागे दडवली होती. तपासनिसांना तक्ते मिळत होते. खरी माहिती तेवढी मिळत नव्हती.

आता वर्षभर आधीचं पुणे बघा. ११ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस बँकेचे पैसे २८ देशांतल्या एटीएममधून निघाले. दोन दिवसांनी आणखी रक्कम परदेशी वळती झाली. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. एटीएमची विनंती बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचलीच नाही. हल्लेखोरांच्या खोट्या स्विचने मधल्यामध्ये ‘मंजूर’ असं उत्तर दिलं.

एक हिशेबाचा घोटाळा, दुसरा सायबर हल्ला. पण दोन्हीकडे तपासणाऱ्यापर्यंत खरी नोंद पोचली नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला ती चार स्तरांत वाढवली. साधनांची यादी, सॉफ्टवेअरची अद्यतनं, घटनांची माहिती, असं बरंच काही आलं. छोट्या बँकेत हे सांभाळायला माणसं किती? दोन-चार. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेचा मोह होतो: परिपत्रक वाचा, पुरावे जुळवा, उत्तर लिहून द्या.

पण यंत्र वाचणार ते आपण दिलेली नोंदच ना? नोंद खोटी, तर उत्तरही खोटं, फक्त जास्त सफाईदार. म्हणून आम्हाला वाटतं, यंत्राला उत्तरं लिहायला बसवण्याआधी स्वतंत्र नोंदी समोरासमोर ठेवायला लावावं. एटीएमने दिलेले पैसे आणि मूळ प्रणालीतून वजा झालेले पैसे जुळतात का? नसतील, तर त्याच घटकेला माणसाला उठवावं.

भांडुपशेजारच्या पवईत, आयआयटीत शिकवणारे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये सात सूत्रं मांडली. त्यांतलं एक आहे उत्तरदायित्व. यंत्र मसुदा लिहील. सही मात्र माणसाची. कारण रांगेत उभा राहणारा खातेदार जाब विचारतो तो माणसालाच.