संचालन प्रणालीची नियतकालिक पुनर्स्थापना

संचालन प्रणालीची नियतकालिक पुनर्स्थापना म्हणजे संगणकात ठोस बिघाड झालेला नसतानाही, तो संथ होऊ नये किंवा आलेला संथपणा जावा म्हणून, ठरावीक काळाने डिस्क पुसून संचालन प्रणाली मुळापासून पुन्हा बसवण्याची प्रथा होय. मराठी बोलीत या क्रियेला ‘फॉरमॅट मारणे’ किंवा ‘विंडोज टाकणे’ असे म्हणतात. काटेकोरपणे पाहता फॉरमॅट करणे ही त्यातील केवळ पहिली पायरी आहे. डिस्कच्या विभागावर नवी, रिकामी फाइल-व्यवस्था आखणे एवढाच तिचा अर्थ. प्रणाली बसवणे, ड्रायव्हर घालणे, सुरक्षा-अद्यतने उतरवणे, प्रोग्राम पुन्हा आणणे आणि वापरकर्त्याचा विदा जागच्या जागी ठेवणे ही कामे त्यानंतरची असतात. पहिल्या पायरीला काही सेकंद पुरतात. शेवटची मात्र कित्येकदा पूर्ण होतच नाही.

ही प्रथा प्रामुख्याने मायक्रोसॉफ्ट विंडोज वापरणाऱ्यांत रूढ आहे. विंडोज ९५, ९८ आणि एमई या आवृत्त्यांच्या काळात तिला भक्कम तांत्रिक आधार होता. पुढील आवृत्त्यांत हा आधार टप्प्याटप्प्याने नाहीसा झाला, परंतु सवय टिकून राहिली. केवळ दिनदर्शिका पाहून केलेल्या पुनर्स्थापनेचा लाभ आज थोडा आणि जोखीम मोठी असते. विशिष्ट कारणासाठी केलेली पुनर्स्थापना मात्र आजही काही प्रसंगी अपरिहार्य ठरते.

उगम

विंडोज ९५ (२४ ऑगस्ट १९९५), विंडोज ९८ (२५ जून १९९८) आणि विंडोज एमई (२०००) या आवृत्त्या एमएस-डॉसच्या पायावर उभ्या होत्या. त्यांत प्रणालीच्या मूळ फाइली आणि बाहेरून आलेले प्रोग्राम यांच्यात फारशी भिंत नव्हती. अनेक प्रोग्राम मिळून वापरत असलेल्या सामायिक फाइली, म्हणजे ‘डीएलएल’, प्रणालीच्या एकाच फोल्डरात ठेवल्या जात. नवा प्रोग्राम बसताना त्यांतील एखादी फाइल स्वतःकडील जुन्या आवृत्तीने बदलून टाकी आणि काल चालत असलेला दुसराच प्रोग्राम आज बंद पडे. या गोंधळाला इंग्रजीत ‘डीएलएल हेल’ असे नाव पडले. कोणत्या प्रोग्रामने कोणती फाइल बदलली याची नोंद कोठेही नसल्याने दोष शोधत बसण्यापेक्षा सर्व पुसून नव्याने बसवणे खरोखरच सोपे होते.

रजिस्ट्री या मध्यवर्ती नोंदसंग्रहाचीही हीच स्थिती होती. काढून टाकलेल्या प्रोग्रामच्या नोंदी तिथे शिल्लक राहत, आणि वीज अचानक गेल्यास संग्रहच बिघडण्याची शक्यता असे. विंडोज ९८ रजिस्ट्रीच्या पाच जुन्या प्रती आपोआप राखून ठेवी. असा बिघाड निर्मात्यांनी गृहीतच धरला होता हे यावरून दिसते. शिवाय ‘फॅट’ पद्धतीच्या फाइल-व्यवस्थेत फाइलींचे तुकडे डिस्कभर विखुरले जात आणि अर्धवट लिहिल्या गेलेल्या फाइलींसाठी सावरण्याची सोय नसे.

त्या काळच्या अस्थैर्याची कल्पना येण्यास एक उदाहरण पुरे. विंडोज ९५ व ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक ४९.७ दिवसांनी भरून जाई आणि संगणक गोठे. परंतु संगणक सलग इतके दिवस चालू राहणेच दुर्मीळ असल्याने हा दोष काही वर्षे लक्षातही आला नाही.

बदललेली परिस्थिती

विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या महत्त्वाच्या फाइलींवर पहारा बसला. बाहेरच्या प्रोग्रामने त्या बदलल्यास मूळ प्रत आपोआप परत ठेवली जाऊ लागली. २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीने हाच एनटी गाभा घरगुती संगणकांपर्यंत पोहोचवला आणि एकाच डीएलएलच्या भिन्न आवृत्त्या शेजारी शेजारी नांदवण्याची सोय केली. ‘एनटीएफएस’ फाइल-व्यवस्था आपल्या रचनेतील बदलांची रोजनिशी ठेवत असल्याने वीज गेल्यावर ती स्वतःला सावरू शकते. विंडोज व्हिस्टापासून फाइलींचे तुकडे जुळवण्याचे काम आपोआप होऊ लागले, तर विंडोज ७ ने सॉलिड स्टेट डिस्क ओळखून तिच्यावर हे निरुपयोगी काम करणे थांबवले.

विंडोज १० (२०१५) पासून तर मोठ्या वैशिष्ट्य-अद्यतनांच्या वेळी प्रणालीचा नवा संच जुन्याच्या जागी बसतो आणि वापरकर्त्याच्या फाइली, प्रोग्राम व जुळण्या त्यात आणून ठेवल्या जातात. अशा अद्यतनानंतर सेटिंग्जमधील ‘स्थापनेची तारीख’ बदललेली दिसते ती याचमुळे. दरवर्षी फॉरमॅट करणारा वापरकर्ता जे हाताने करू पाहतो, त्याचा बराचसा भाग प्रणाली स्वतःच उरकत असते.

संथपणाची कारणे

पुनर्स्थापनेनंतर संगणक वेगवान वाटतो हा अनुभव खोटा नसतो. त्याचा अर्थ मात्र अनेकदा चुकीचा लावला जातो. ताज्या प्रणालीत सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्राम नसतात, ब्राउझरला विस्तार जोडलेले नसतात आणि डिस्क बरीच रिकामी असते. तेच प्रोग्राम पुन्हा बसवले की काही आठवड्यांत पूर्वीची अवस्था येते. सुरुवातीला चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी टास्क मॅनेजरमध्ये पाहून नको ते बंद केल्यास हाच लाभ काही मिनिटांत मिळतो. एकाच वेळी दोन विषाणूरोधक प्रोग्राम चालणे हेही संथपणाचे एक नेहमीचे कारण आहे.

काही कारणांवर पुनर्स्थापनेचा मुळीच उपाय चालत नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कवर हवा तो भाग वाचक टोकाखाली येण्यासच सरासरी ४ मिलिसेकंदांहून अधिक काळ जातो, आणि टोक योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ वेगळा. सॉलिड स्टेट डिस्कला हेच काम मिलिसेकंदाच्या अल्पांशात जमते. म्हणून जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी अशी डिस्क घातल्याने जो फरक पडतो, तो कितीही वेळा विंडोज टाकून पडत नाही. अपुरी रॅम, पंख्यात साठलेल्या धुळीमुळे तापून वेग कमी करणारा प्रोसेसर आणि झिजत चाललेली डिस्क यांचेही तसेच. शेवटच्या प्रकारात तर पुनर्स्थापना घातकच ठरते. खराब भाग पुन्हा पुन्हा वाचत राहिल्यामुळे संगणक अडखळत असतो आणि प्रथम विदा वाचवण्याऐवजी त्याच डिस्कवर नवे लेखन सुरू केले जाते.

जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरमधील त्रुटींवरील उपायांमुळे काही जुने संगणक थोडे मंदावले. तेही पुनर्स्थापनेने टळत नाही, कारण अद्यतनांबरोबर हे उपाय परत येतात. आणि ब्राउझर व संकेतस्थळे वर्षागणिक जड होत जातात, याचा संचालन प्रणालीशी संबंधच नसतो.

रजिस्ट्री स्वच्छ केल्याने वेग वाढतो ही समजूतही याच काळाची देणगी आहे. उरलेल्या नोंदींनी रजिस्ट्रीचा आकार वाढला तरी एखादी नोंद शोधण्याच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामांच्या वापराला मायक्रोसॉफ्टचे समर्थन नाही.

धोके

सर्वांत मोठा धोका विदा गमावण्याचा आहे, आणि तो बहुधा बेफिकिरीतून नव्हे तर अपुऱ्या माहितीतून उद्भवतो. ‘डी ड्राइव्हवर सगळे ठेवले आहे’ असे सांगणाऱ्या वापरकर्त्याचा डेस्कटॉप सामान्यतः सी ड्राइव्हवरच असतो. आउटलुक २००३ व २००७ सारख्या आवृत्त्या सर्व ईमेल एका ‘पीएसटी’ फाइलीत, एरवी न दिसणाऱ्या फोल्डरात ठेवत. छोट्या व्यावसायिकांच्या लेखा-प्रणालीतील वर्षांचे हिशेब कित्येकदा त्या प्रोग्रामच्याच फोल्डरात असतात. ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड आणि विंडोजच्या संग्रहात असलेली, पण बाहेर प्रत न काढलेली डिजिटल प्रमाणपत्रे हीदेखील ‘माय डॉक्युमेंट्स’ची नक्कल करून वाचत नाहीत.

कूटबद्ध फाइलींचा प्रश्न अधिक फसवा आहे. विंडोज २००० आणि एक्सपी प्रोफेशनलमध्ये फाइली कूटबद्ध करण्याची सोय होती. तिची किल्ली वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असे. सी ड्राइव्ह पुसल्यावर डी ड्राइव्हवरील अशा फाइली जागच्या जागी दिसत, नावेही तीच असत, पण उघडत नसत. किल्लीची प्रत आधी काढलेली नसेल तर त्या कायमच्या गेल्या असे समजावे लागे. आताच्या संगणकांत संपूर्ण डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असू शकते, तीही वापरकर्त्याच्या नकळत. तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली हाती असल्याची खात्री पुनर्स्थापनेपूर्वी करणे अत्यावश्यक असते.

चुकून पुसलेला विदा परत मिळण्याची शक्यता डिस्कच्या प्रकारावर अवलंबून आहे. हार्ड डिस्कवर जलद फॉरमॅट केल्यास फाइलींची केवळ अनुक्रमणिका जाते. त्यावर नवे लेखन होण्यापूर्वी संगणक थांबवला तर बरेच काही सापडते. सॉलिड स्टेट डिस्कला मात्र ‘ट्रिम’ आज्ञेद्वारे जागा मोकळी झाल्याचे कळवले जाते आणि डिस्क ती स्वतःहून रिकामी करते. तेथे आशा ठेवण्यास फारसा वाव नसतो.

नव्याने बसवलेली जुनी आवृत्ती असुरक्षितही असते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ हा कृमी पसरला, तेव्हा त्यावरील अद्यतन जुलैतच उपलब्ध होते. परंतु मूळ सीडीवरून एक्सपी पुन्हा बसवणाऱ्यांच्या प्रणालीत ते नसे आणि ते उतरवण्यासाठी इंटरनेटला जोडताच संगणक बाधित होई. ऑगस्ट २००४ मधील सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आरंभापासून चालू ठेवल्यावर हा धोका कमी झाला. परवाना नसलेल्या, कोणीतरी फेरफार केलेल्या प्रतीवरून केलेल्या पुनर्स्थापनेत सुरक्षेची हमी आरंभापासूनच नसते.

सॉलिड स्टेट डिस्क झिजण्याची भीती तेवढी अनाठायी आहे. एका पुनर्स्थापनेत काही दहा गिगाबाइट लिहिले जातात, तर सामान्य डिस्कची लेखनक्षमता शेकडो टेराबाइटमध्ये मोजली जाते.

मराठी संगणकवापरातील अडचणी

विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीसारख्या जटिल लिप्यांचा आधार मुळात चालू नसे. प्रादेशिक व भाषिक पर्यायांत जाऊन तो निवडावा लागे आणि त्यासाठी मूळ सीडीतील फाइलींची गरज पडे. पुनर्स्थापनेनंतर हे राहून गेले की जोडाक्षरे तुटत आणि ऱ्हस्व इकार अक्षराच्या नंतर दिसे. व्हिस्टापासून हा आधार अंगभूत झाला.

युनिकोडपूर्व फाँटांची अडचण मात्र अजून संपलेली नाही. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकलिखित केलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या संकेतांवर बेतलेला असतो. फाँट गेला की लेख, पत्रिका किंवा कार्यालयीन पत्रव्यवहार निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून समोर येतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण तो खराब झाला असे समजून टाकून दिला जाऊ शकतो. म्हणून विद्याबरोबर फाँट, टंकनाचा कळफलक आणि त्यांच्या परवान्याची माहिती जपणे गरजेचे असते.

पुनर्स्थापना आवश्यक ठरणारे प्रसंग

प्रणालीच्या गाभ्यात लपणारा घातक प्रोग्राम शिरल्यास कोणतीही सफाई पूर्ण झाल्याची खात्री देता येत नाही. अशा वेळी विश्वासू माध्यमावरून स्वच्छ स्थापना हाच ग्राह्य मार्ग होय. याचे सर्वांत मोठ्या प्रमाणावरील उदाहरण जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ल्याचे आहे. त्यात जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि नवी मुंबईतील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितल्यानुसार सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. संगणक पुन्हा बसवता आले, तरी वापरकर्त्यांच्या खात्यांची मध्यवर्ती नोंद परत मिळाली ती घानामधील एका सर्व्हरमुळे. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्याने तो जाळ्यापासून तुटला होता आणि म्हणूनच वाचला.

पुनर्स्थापनेलाही मर्यादा आहेत. २०१८ मध्ये उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ हा मदरबोर्डवरील चिपमध्ये दडत असे. डिस्क बदलूनही तो जात नसे. खंडणीखोर प्रोग्रामने कूटबद्ध केलेल्या फाइलीही पुनर्स्थापनेने सुटत नाहीत.

संगणक दुसऱ्यास देताना, मदरबोर्ड बदलल्यावर किंवा निर्मात्याने आधीच भरून दिलेले नकोसे प्रोग्राम घालवण्यासाठीही स्वच्छ स्थापना केली जाते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने तीच आवृत्ती पुन्हा बसवून संगणक सुरक्षित होत नाही.

पर्याय

विंडोज चालू असतानाच तिचा स्थापना-प्रोग्राम चालवून फाइली व प्रोग्राम कायम ठेवत प्रणाली दुरुस्त करता येते. ‘एसएफसी’ आणि ‘डिझम’ या आज्ञा बिघडलेल्या प्रणाली-फाइली तपासून बदलतात. विंडोज ८ (२०१२) पासून ‘रिसेट’ची सोय अंगभूत आहे. सायबर कॅफे व प्रशिक्षण केंद्रांत ‘डीप फ्रीझ’सारखे प्रोग्राम प्रत्येक वेळी संगणक पुन्हा सुरू होताच त्याला मूळ स्थितीत आणतात, तेथे नियतकालिक पुनर्स्थापनेचा प्रश्नच उरत नाही.

लिनक्सवर ‘होम’ हा विभाग वेगळा ठेवण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे प्रणाली बदलली तरी वापरकर्त्याच्या फाइली व जुळण्या जागीच राहतात. डेबियनसारख्या वितरणात एका आवृत्तीवरून दुसरीवर जाण्यासाठी पुनर्स्थापना लागत नाही. मॅकओएसमध्ये कॅटालिना (२०१९) पासून प्रणालीचा विभाग केवळ वाचनीय असतो. क्रोमओएसमध्ये प्रणालीच्या दोन प्रती ठेवल्या जातात. एक वापरात असताना दुसरी अद्ययावत होते आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तिचा वापर होतो.