कटातील हस्तकाचे अपील

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९८७ पर्यंत शिक्षेचे प्रमाण बव्हंशी खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाच्या मर्जीवर अवलंबून असे आणि शिक्षा कायद्यातील कमाल मर्यादेत असली की वरिष्ठ न्यायालय तीत सहसा हस्तक्षेप करीत नसे. न्यायाधीश मार्व्हिन फ्रँकेल यांनी १९७३ मध्ये या बेबंद अधिकारावर पुस्तक लिहून कोरडे ओढले. १९८४ च्या कायद्याने शिक्षा आयोग स्थापन झाला, शिक्षेविरुद्ध अपिलाची वाट उघडली, आणि १ नोव्हेंबर १९८७ पासून आयोगाची मार्गदर्शक तत्त्वे अमलात आली.

या तत्त्वांनुसार शिक्षा गुन्ह्याच्या पातळीवर बेतलेली असते; अमली पदार्थांच्या गुन्ह्याची मूळ पातळी मुख्यतः मालाच्या वजनावरून ठरते आणि मग आरोपीची भूमिका पाहिली जाते: पाच किंवा अधिक जणांच्या टोळीचा सूत्रधार असल्यास चार पातळ्या वाढतात, सहभाग किरकोळ असल्यास दोन व अगदीच नगण्य असल्यास चार घटतात. ही रचना कागदावर न्याय्य दिसते. परंतु माल ज्याच्या अंगावर सापडतो तो बहुधा टोळीतला सर्वांत दुय्यम माणूस असतो, आणि वजनाचा भार नेमका त्याच्याच माथी येतो.

१९९९ मध्ये अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आलेल्या प्रकरणात हा पेच उघडा पडला. अर्धा किलोहून अधिक हेरॉइन गोळ्यांच्या रूपात गिळून मायामीला उतरलेल्या एका स्त्रीने आपण केवळ वाहक असल्याचे म्हटले. पीठाने उत्तर दिले की तिला तिने स्वतः आणलेल्या हेरॉइनपुरतेच जबाबदार धरले आहे आणि त्या मालापुरती तिची भूमिका किरकोळ नव्हे. युक्तिवाद तर्कशुद्ध आहे, पण टोळीचे मोठे चित्र त्यात दृष्टीआड होते. शिवाय भूमिका हा वस्तुस्थितीचा प्रश्न मानला जात असल्याने, खालच्या न्यायालयाची चूक उघड व ढळढळीत असल्याखेरीज वरिष्ठ न्यायालय निष्कर्ष बदलत नसे. अपिलाचा हक्क मिळाला, यश मात्र दुर्मीळच राहिले.

बदल आला तो न्यायालयांकडून नव्हे, आयोगाकडून. १ नोव्हेंबर २०१५ च्या दुरुस्तीने आरोपीची तुलना काल्पनिक सरासरी गुन्हेगाराशी न करता त्याच गुन्ह्यातील इतर सहभागींशी करावी असे स्पष्ट केले आणि पाच निकष घालून दिले. कटाची व्याप्ती आरोपीला किती ठाऊक होती, आखणीत व निर्णयांत त्याचा वाटा किती होता, त्याने प्रत्यक्ष काय केले आणि नफ्यात त्याचा हिस्सा होता की केवळ ठरावीक मजुरी मिळणार होती, हे त्यांत येते. नवव्या परिमंडळाने २०१६ मध्ये ही दुरुस्ती प्रलंबित थेट अपिलांनाही लागू केली. ज्यांची अपिले आधीच निकालात निघाली होती, त्यांना मात्र या दुरुस्तीच्या आधारे शिक्षा कमी करून घेण्याची सोय आयोगाने ठेवली नाही.