घरांतील तार कोणाची ?

नळाचें पाणी, वीज आणि दूरध्वनीची तार हीं तिन्हीं बाहेरून घरांत येतात. पैकीं विजेच्या बाबतींत मीटर ही सीमा आहे, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. तारेविषयीं मात्र तशी सर्वपरिचित सीमा आमच्याकडे कधींच पडली नाहीं. असें कां झालें, हें पाहण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मुंबईंत दूरध्वनि आला तो १८८२ सालीं, खासगी कंपनीच्या हातून. १८८५ च्या तार-कायद्यानें तारायंत्राचा अनन्य अधिकार सरकारचा ठरला, आणि १९४३ सालीं मुंबईची ही व्यवस्था सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. पुढें कित्येक वर्षें रस्त्यावरील खांब, भिंतीवरील तार व मेजावरील यंत्र हीं सर्व सरकारचींच असत. गृहस्थ केवळ भाडें भरी. बिघाड झाला कीं तक्रार नोंदवावी व लाइनमनची वाट पाहावी. वाट लांब असे, परंतु जबाबदार कोण हा प्रश्न पडत नसे.

या जुन्या कायद्यास नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत; परंतु एका बाबतींत त्याची दृष्टि न्यायाची होती. दुसऱ्याच्या जागेवरून तार नेण्याचा अधिकार कलम १० नें सरकारास दिला खरा, पण त्या जागेवर वापरापलीकडे कोणताही हक्क दिला नाहीं. उलट नुकसान कमींत कमी करावें व झालेलें भरून द्यावें, असें बंधन घातलें. आपल्या जागेंत कांहीं फेरफार करावयाचा असल्यास तार हलविण्याची मागणी मालकानें करावी, अशी तरतूद कलम १७ मध्यें होती.

या तरतुदीचें मोल नाशिकच्या अंबड भागांत चांगलें समजतें. येथें औद्योगिक वसाहत झाली आणि शेजारीं सिडकोनें कामगार व मध्यम वर्गासाठीं लहान लहान घरें बांधलीं. कुटुंब वाढलें तसे घरांवर मजले चढले. मजला चढला कीं जुनी तार आड येते. ती कोणी, कोणाच्या खर्चानें हलवावी, हा वाद मग दारांतच उभा राहतो.

इंग्लंडांत १९८१ पासून ग्राहकास स्वतः जोडतां येईल असें नवें सॉकेट आलें. पुढें मुख्य सॉकेट हीच कंपनी व ग्राहक यांमधील सीमा झाली. अमेरिकेंतही घराच्या आंतील तारा हळूहळू कंपनीच्या हातून मालकाकडे गेल्या. आमच्याकडे यंत्र बाजारांत विकत मिळूं लागलें, २००० सालीं भारत संचार निगम निघालें, खासगी कंपन्या व केबलवालेही आले. पण सीमा कोठें, हें गृहस्थास कोणी नीट समजावून दिलें नाहीं.

दरम्यान तारेचा स्वभावच बदलला. तांब्याच्या तारेंतून बोलण्यापुरती वीज कचेरीकडूनच येत असे. त्यामुळें घरांतील दिवे गेले तरी दूरध्वनि बोले. कांचतंतूंतून वीज येत नाहीं. घरांतील पेटी घरच्याच विजेवर चालते व ती गेली कीं मुकी होते. म्हणजे जी जबाबदारी कचेरीची होती, तिचा एक भाग आतां आमच्या भिंतीच्या आंत आला आहे.

२०२३ च्या दूरसंचार कायद्यानेंही जागेवर केवळ वापराचा हक्क हेंच तत्त्व राखलें आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंत दळणवळणाच्या तारांसाठीं स्वतंत्र भाग आहे, आणि २०२४ मध्यें दूरसंचार नियामक प्राधिकरणानें इमारतींना या दृष्टीनें दर्जा देण्याचे नियम केले. परंतु असा दर्जा घेणें ऐच्छिक आहे. मजल्यावर मजला चढविलेल्या जुन्या घरांस त्याचा आधार थोडाच.

तेव्हां गृहस्थानेंच सावध असावें. विजेची व दूरध्वनीची तार एकाच नळींतून नेऊं नये. आणि नवी जोडणी घेतांना कंपनीचें काम कोणत्या पेटीपाशीं संपतें व सेवा बंद केल्यावर तार कोण काढून नेणार, हें लिहून घ्यावें. गच्चीवरून गच्चीवर लोंबणाऱ्या मेलेल्या तारा पाहिल्या म्हणजे हा दुसरा प्रश्न किती थोड्यांनीं विचारला, तें दिसून येतें. तार लावण्यास सारे उत्सुक असतात. ती उतरविण्याचें कर्तव्य ज्याच्या नांवावर नाहीं, ती तार शेवटीं घरमालकाच्याच माथ्यावर राहते.