रामगुलाम नावाचा माणूस

माझे मामू व्यापारी जहाजावर नोकरीला होते. रजेवर आले की त्यांच्या पेटीतून साबण, अत्तर आणि परदेशी नोटा निघत. साबण-अत्तर घरातल्या बायका वाटून घेत, नोटा माझ्या वाट्याला येत. तिशी जवळ आली तरी माझा हा छंद सुटला नव्हता. एकदा त्यांनी दोनशे रुपयांची एक नोट दिली. तिच्यावर सर अब्दुल रझाक मोहमद यांचे चित्र होते. नोट मॉरिशसची होती. मी विचारले, "मामू, हा मुसलमानांचा मुलूख आहे का?" मामू हसले. म्हणाले, "नाही रे. तिथे सर्वांत मोठ्या नोटेवर रामगुलाम आहेत."

त्या नावापाशीच मी थबकलो. राम आणि गुलाम! एक शब्द संस्कृतातला, दुसरा अरबीतला. आपण 'रामदास' म्हणतो, भोजपुरी मुलखातली माणसे सहज 'रामगुलाम' म्हणून गेली. शब्दांशी खेळणे हा माझा उद्योग असल्याने त्या नावामागचा माणूस मला शोधावासा वाटला.

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरातला जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचा तुकडा. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून पुढच्या आठ-नऊ दशकांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे करारावर तिथे उतरली. बहुतेक बिहारकडची, काही तमिळ-तेलुगू, तर काही आपल्या कोकणातली. मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. घरात क्रिओल बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते.

अशाच एका बिहारी मजुराच्या घरी, बेल रीव्ह या गावी, १८ सप्टेंबर १९०० रोजी शिवसागर रामगुलाम यांचा जन्म झाला. सात वर्षांचे असताना वडील गेले. पुढे गोठ्यात झालेल्या अपघातात एक डोळा गेला. मळेवाल्यांच्या त्या राज्यात अशा मुलाचे भविष्य काय असणार? पण मुलगा शिकत राहिला. १९२१ मध्ये डॉक्टरीसाठी लंडनला गेला आणि १९३५ मध्ये डॉक्टर होऊन परतला. मधल्या चौदा वर्षांत वैद्यकाबरोबर राजकारणही शिकला. १९४० मध्ये त्यांनी 'अ‍ॅडव्हान्स' हे वर्तमानपत्र काढले आणि त्याच वर्षी ते कायदेमंडळात नेमले गेले.

खरा पालट झाला १९४८ मध्ये. कुठल्याही एका भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळाले. मतदार सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांपुढे गेले. यामागे गावोगावी मजुरांना सही शिकवणाऱ्या बिसूनदयाल बंधूंचे मोठे कष्ट होते. अक्षरओळख म्हणजे मताचा अधिकार, हे तिथल्या मजुराला कुणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

पुढे मजूर पक्षाचे नेतृत्व रामगुलामांकडे आले आणि स्वातंत्र्याची मागणी जोर धरू लागली. पण हे स्वातंत्र्य सर्वांना हवे होते असे नाही. हिंदूंचे राज्य आले तर आपले काय, ही भीती क्रिओल, चिनी आणि काही मुसलमानांनाही होती. अशा वेळी कलकत्त्याहून तिथे गेलेले रझाक मोहमद आपला मुस्लिम पक्ष घेऊन रामगुलामांच्या बाजूला उभे राहिले. अल्पसंख्याकांना पुरेशा जागा मिळाल्या नाहीत तर हरलेल्या उमेदवारांतून आठ जण विधिमंडळात घ्यायचे, अशी तरतूद घटनेत झाली. तीमुळे जातजमात मोजण्याची सवय पक्की झाली, ही टीकाही खरी आहे. तरी भ्यालेल्या माणसाला आधी घरात जागा द्यावी लागते, मग त्याच्याशी तत्त्वांची चर्चा करता येते, असे मला वाटते.

१९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधी बाजूला पडली. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमानांत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. त्या छायेतच १२ मार्च १९६८ रोजी नवा झेंडा फडकला. तारीख निवडली होती गांधीजींच्या दांडीयात्रेची. पुढच्याच वर्षी रामगुलामांनी स्वातंत्र्याचे कट्टर विरोधक गाएतां द्युव्हाल यांना सरकारात घेतले.

इथेच थांबलो तर हे चरित्र गोड होईल. पण १९६५ चा सप्टेंबर ओलांडून जाता येत नाही. लंडनमध्ये घटना परिषद चालू असताना ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलामांना वेगळे भेटीला बोलावले. स्वातंत्र्याची आशा दाखवायची आणि ते हुकण्याची भीतीही घालायची, असा सल्ला विल्सनना लेखी मिळाला होता, हे पुढे कागदपत्रांतून उघड झाले. चागोस बेटे मॉरिशसपासून तोडण्यात आली. मोबदला ठरला तीस लाख पौंड. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला आणि १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार बेटवासी घरातून उखडले गेले. त्यांतले अनेक पोर्ट लुईच्या झोपड्यांत येऊन पडले. त्यांना कुणी विचारले नव्हते. बोटीने आणलेल्या मजुरांच्या मुलाने आपल्या देशाचे स्वातंत्र्य मिळवले, आणि त्याच व्यवहारात दुसऱ्या काही माणसांना बोटीत बसावे लागले. त्यांचा नाइलाज मला कळतो, तरी मन मानत नाही.

पुढेही डाग आहेत. १९७१ मध्ये संप पेटल्यावर आणीबाणी आली, विरोधक तुरुंगात गेले, निवडणूक १९७६ पर्यंत लांबली. तर दुसरीकडे १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. केवळ साखरेवर जगणाऱ्या त्या बेटाचे भवितव्य जाणकारांना अंधारलेले दिसत होते. तो देश शिकला आणि सावरला.

जून १९८२ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. राष्ट्रपिता म्हणवले जाणारे रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात हरले. त्यांनी सत्ता सोडली. नव्याने स्वतंत्र झालेल्या किती देशांत त्या काळी हे असे घडले? पुढच्या वर्षी त्यांना गव्हर्नर जनरल करण्यात आले आणि त्याच पदावर असताना १५ डिसेंबर १९८५ रोजी ते गेले.

चागोसचा प्रश्न मात्र त्यांच्यामागे उरला. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती तोडणी बेकायदा असल्याचे मत दिले. मे २०२५ मध्ये बेटे परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राखून. मॉरिशसच्या बाजूने सही करणारे पंतप्रधान होते नवीनचंद्र रामगुलाम, शिवसागर यांचे चिरंजीव. साठ वर्षांपूर्वीचे घराचे देणे मुलाच्या हातून फेडायला निघाले. घराबाहेर काढलेल्यांपैकी कितीतरी जण तोवर मातीत मिसळले होते.

मामूंनी दिलेली ती नोट अजून माझ्याकडे आहे. नंतर कळले, मॉरिशसच्या पाचशेच्या नोटेवर सुखदेव बिसूनदयाल आहेत आणि हजाराच्या नोटेवर द्युव्हाल. कधी मित्र, कधी विरोधक असलेली ही सगळी माणसे तिथल्या दुकानदाराच्या गल्ल्यात रामगुलामांशेजारी घडी करून ठेवलेली असतात. मला या गोष्टीचा हेवा वाटतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)